वाचनालयाला दिलेली प्रत: बदललेलं कोहा आणि जीपीएलची जबाबदारी

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका जुन्या मराठी वाचनालयाचं आणि त्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान कंपनीचं आहे. दोन्ही बाजूंनी लिहायला होकार दिला तो नावं न घेण्याच्या अटीवर, त्यामुळे ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मला कंपनीने सल्ल्यासाठी बोलावलं. तोवर पत्रापत्री होऊन गेली होती आणि कार्यवाहांनी कंपनीच्या मालकाचा फोन घेणं बंद केलं होतं.

वाचनालय शासनमान्य, अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालणारं. दाखल नोंदवह्या कपाटात, देवघेव कार्डांवर. अनुदानाचा वार्षिक अहवाल करायची वेळ आली की ग्रंथपाल बाई आणि कर्मचारी रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवत बसायचे. संगणकीकरण करायचं ठरलं तेव्हा कंपनीने कोहा हे वाचनालयाची सूची आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर सुचवलं. निवड उत्तम होती. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये ते लिहिलं गेलं, जानेवारी २००० पासून तिथे वापरात आलं आणि जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या, कुणालाही वापरायची, बदलायची, वाटायची मुभा देणाऱ्या मुक्तस्रोत परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. आज त्याचा परवाना ‘जीपीएलची तिसरी किंवा त्यापुढची आवृत्ती’ असा आहे.

पण कोहा जसंच्या तसं घेऊन मराठी वाचनालयाचं भागत नाही. कंपनीने त्यात जे बदल केले ते खरोखर कष्टाचे होते. एक उदाहरण देतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकावर दोन पद्धतींनी टंकित होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. परिणाम असा की पुस्तक कपाटात असतं, नोंदही असते आणि शोधलं तर ‘आढळले नाही’ असं उत्तर येतं. तऱ्हा, गुऱ्हाळ, सगळ्यांचं तेच. कंपनीने नोंद साठवताना आणि शोध घेताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारा भाग लिहिला. दुसरं काम अकारविल्ह्याचं. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल ला लागून आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. नुसत्या युनिकोड क्रमाने यादी लावली तर ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ नंतर. मराठी वाचकाला हवं ते नेमकं उलटं. शिवाय वर्गणी आणि अनामतीच्या मराठी पावत्या आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांना लागणारा अहवाल एका बटणावर काढून देणारा भाग.

काम पाहून ठाणे, कल्याणपर्यंतच्या आणखी काही वाचनालयांनी तेच मागितलं. काहींना कंपनीने वाचनालयातल्याच संगणकावर सगळं बसवून दिलं. काहींकडे इंटरनेट बरं होतं, त्यांना कंपनीच्या सर्व्हरवरून सेवा दिली. ती वाचनालयं फक्त ब्राउझर उघडून काम करायची. हा फरक त्या वेळी सगळ्यांना निव्वळ सोयीचा वाटला. पुढे सगळा पेच त्यावरच उभा राहिला.

समस्या

कल्याणच्या बाजूचं एक ‘ड’ वर्गातलं, म्हणजे अनुदानाच्या सर्वांत खालच्या वर्गातलं वाचनालय या मुंबईच्या वाचनालयाशी जुन्या संबंधातलं. त्यांच्याकडे पैसे नव्हते, संगणक जाणणारा एक हौशी सभासद होता. त्याने विचारलं, तुमच्याकडची प्रत आम्हाला द्याल का, मी बसवतो. ग्रंथपाल बाईंनी सरळपणे कंपनीला कळवलं. उत्तरादाखल पत्र आलं: करारातल्या कलमानुसार प्रणालीचे सर्व हक्क कंपनीकडे आहेत, लेखी परवानगीशिवाय प्रत काढता येणार नाही, काढल्यास देखभाल थांबवली जाईल.

बाई नाराज झाल्या, पण त्यांनी एक काम केलं जे फार थोडे लोक करतात. कोहामध्ये ‘कोहाविषयी’ म्हणून एक पान असतं, त्यात परवान्यांची माहिती देणारा भाग असतो. कंपनीने बोधचिन्ह बदललं होतं, नाव बदललं होतं, हे पान तसंच राहिलं होतं. बाईंनी ते वाचलं, छापलं आणि कार्यकारी मंडळापुढे ठेवलं.

पुढच्या बैठकीत मी होतो. कार्यवाह मालकाला म्हणाले, “अहो, हे सॉफ्टवेअर फुकट आहे असं इथे लिहिलंय आणि तुम्ही आमच्याकडून पैसे घेतलेत. ते परत करा आणि तुमचा सगळा कोड इंटरनेटवर टाका.” मालक तरुण, कामाला पक्का, पण तोही तापलेला. “साहेब, कोहा फुकट असेल. आमची दोन वर्षांची मेहनत फुकट नाही. ती आमची आहे.”

दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं होतं आणि बरंच चुकीचं.

जीपीएलमध्ये पैसे घ्यायला बंदी नाही. तिसऱ्या आवृत्तीचं चौथं कलम स्पष्ट म्हणतं की प्रत देताना कितीही किंमत घ्या किंवा घेऊ नका, देखभाल आणि हमी पैसे घेऊन द्या. म्हणजे परताव्याची मागणी टिकत नव्हती. कोड जगापुढे मांडण्याची सक्तीही त्यात नाही. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला कोड, देणं लागतो तो ज्याला प्रत दिली त्याला. पण त्या माणसाला प्रत मिळाली की ती पुढे देण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क त्याला परवान्यातूनच आपोआप मिळतो आणि मधल्या कुणालाही त्यावर जादा बंधन घालता येत नाही. दहावं कलम तेच सांगतं. मेहनत कंपनीची होती यात वाद नाही, त्या ओळींवर कॉपीराइटही तिचा असू शकतो. परंतु त्या ओळी कोहाच्या फायलींमध्येच मिसळून लिहिल्या होत्या. अशी बदललेली कृती दुसऱ्याला द्यायची तर संपूर्ण कृती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. ती अट मान्य नसेल तर बदल स्वतःपुरते ठेवता येतात, वाटता येत नाहीत.

करारातलं ते कलम म्हणूनच पोकळ होतं. जीपीएलखालच्या कामावर असं जादा बंधन लिहिलेलं आढळलं तर घेणाऱ्याला ते काढून टाकण्याची मुभा सातव्या कलमात आहे.

तपासणीत काय निघालं

भांडण एका कलमावरून सुरू झालं होतं. मी कंपनीकडे तीन गोष्टी मागितल्या: वाचनालयाला दिलेली नेमकी प्रत, मूळ कोहाची तीच आवृत्ती आणि दोन्हींतला फरक. फरक ओळीओळीने पाहायला बसल्यावर कंपनीलाच धक्का बसला.

कोहाच्या प्रत्येक फायलीच्या माथ्यावर कॉपीराइटची आणि परवान्याची सूचना असते. बदललेल्या बऱ्याच फायलींतून ती पुसून तिथे कंपनीचं नाव आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’ घातलेलं होतं. एका मुलाने ‘शोधा आणि बदला’ वापरून एका दुपारी केलेलं काम. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर बाब. जगभरातल्या ज्या लोकांनी ते लिहिलं त्यांची नावं काढून आपलं लावणं हे परवान्याच्या विरुद्ध आहेच, शिवाय भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ब अशी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढण्याबद्दलच आहे.

दुसरं, अहवालाचा भाग वाचता येऊ नये म्हणून कोड गोंधळवणाऱ्या साधनातून काढलेला होता. टिपा गायब, चलांची नावं निरर्थक अक्षरं. मालकाचं म्हणणं, कोहा पर्ल या संगणकभाषेत आहे, पर्लचा कोड उघडाच असतो, म्हणजे सोर्स दिलाच की. नाही. परवान्यात सोर्सची व्याख्या ‘बदल करण्यासाठी ज्या रूपात काम करणं पसंत केलं जातं ते रूप’ अशी आहे. कंपनीचे प्रोग्रामर स्वतः ती गोंधळलेली फाइल उघडून काम करत नव्हते, त्यांच्याकडे स्वच्छ फाइल होती. द्यायची ती स्वच्छ फाइल. सोबत ते सगळं चालू करायला लागणाऱ्या स्क्रिप्ट आणि शोधयंत्रणेच्या सेटिंगच्या फायलीही, कारण त्यांच्याशिवाय ‘वऱ्हाड’ सापडणार नव्हतं.

तिसरं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अहवालाचा भाग कंपनीच्या कर्मचाऱ्याने लिहिलाच नव्हता. तो डोंबिवलीत राहणाऱ्या एका बाहेरच्या प्रोग्रामरकडून करून घेतला होता, पैसे बँकेतून दिलेले, करार काहीच नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. बाहेरच्या माणसाने स्वतंत्रपणे करून दिलेल्या प्रोग्रामला ते लागू होत नाही. पैसे दिले म्हणून हक्क आले असं होत नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं आणि मुदत व प्रदेश लिहिले नसतील तर ते पाच वर्षांपुरतं आणि भारतापुरतं धरलं जातं. म्हणजे ज्या भागावरून ‘सर्व हक्क आमचे’ असं पत्र गेलं होतं, नेमका तोच भाग कायद्याने कंपनीचा नव्हता.

चौथं लहान, पण असं हमखास निघतं. पावत्या आणि अहवाल सुबक दिसावेत म्हणून एक विकत घेतलेला देवनागरी फाँट प्रत्येक वाचनालयाच्या संगणकावर बसवला होता. खरेदी होती कार्यालयातल्या संगणकांपुरती. मुक्तस्रोताशी याचा काही संबंध नाही, पण परवान्याचं उल्लंघन ते उल्लंघनच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकाच्या मनात आधीपासून होता: सगळी वाचनालयं कंपनीच्या सर्व्हरवर न्यायची. कायद्याने हा मार्ग खुला आहे. जीपीएलची जबाबदारी प्रत हातात दिल्यावर लागू होते. नेटवर्कवरून नुसता वापर करू देणं म्हणजे प्रत देणं नव्हे, असं तिसऱ्या आवृत्तीत व्याख्येतच लिहिलेलं आहे. कोहा एजीपीएल या जीपीएलच्याच भाऊबंद परवान्याखाली असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळण्याची सोय ठेवावी लागते. पण यात दोन अडचणी होत्या. ज्यांना प्रती दिल्या गेल्या होत्या त्यांचे हक्क त्यामुळे मागे घेता येत नव्हते. आणि दुसरी माझी स्वतःची हरकत होती, ती मी मालकाला तोंडावर सांगितली: ज्या वाचनालयांनी शंभर-शंभर वर्षं आपल्या नोंदवह्या आपल्या कपाटात जपल्या, त्यांची सूची केवळ कुलूप लावण्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर न्यायची, हे मला पटत नाही. इंटरनेट चांगलं आहे, बॅकअपची काळजी मिटते, म्हणून कुणी आपणहून गेलं तर जरूर जावं.

दुसरा पर्याय: कंपनीचे भाग कोहातून वेगळे काढून स्वतंत्र प्रोग्राम करायचे, ते कोहाशी फक्त त्याच्या एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या ठरलेल्या दारातून बोलतील आणि बंद राहतील. मोबाइल ॲप असंच होतं; एसएमएस पाठवणारा भागही वेगळ्या सर्व्हरवर चालायचा आणि कोहाचा कोड त्यात नव्हता. ते दोन्ही बंद ठेवायला माझी काहीच हरकत नव्हती. पण अहवालाचा भाग कोहाच्या आतल्या फंक्शन थेट वापरत होता, त्याच प्रक्रियेत चालत होता. त्याला प्लगइनचं, म्हणजे मुख्य प्रोग्रामला जोडायच्या पुरवणीचं रूप देऊन ‘हे वेगळं आहे’ म्हणावं असा एक विचार पुढे आला. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत असं की एकमेकांची फंक्शन वापरणारे आणि माहितीच्या रचना वाटून घेणारे प्लगइन आणि मुख्य प्रोग्राम मिळून एकच कृती होते. हे एका संस्थेचं मत आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे, आणि यावर वाद घालता येतो. प्रश्न असा होता की पाच-सहा माणसांच्या कंपनीने तो वाद अंगावर का घ्यावा? खरोखर वेगळा करायचा तर तो भाग मुळापासून नव्याने लिहावा लागला असता आणि शोध व अकारविल्हे तर कोहाच्या बाहेर काढताच आले नसते.

तिसरा: परवान्याप्रमाणे सगळं सोर्ससह द्यायचं आणि कमाई बसवण्यावर, जुन्या नोंदी चढवण्यावर, प्रशिक्षणावर आणि वार्षिक देखभालीवर करायची.

चौथा पर्याय म्हणजे काहीच न करणं. कॉपीराइटधारक न्यूझीलंड, युरोप, अमेरिकेत. मुंबईतल्या एका वाचनालयाकडे कोण बघतंय? हा विचार बोलून दाखवला गेला, म्हणून इथे नोंदवतो. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका राउटर कंपनीविरुद्ध, जीपीएलखालच्याच लिनक्स या प्रणालीच्या एका प्रोग्रामरच्या बाजूने मनाई हुकूम दिला तेव्हापासून जीपीएल न्यायालयात टिकतो हे दिसलेलं आहे. पण मालकाला पटलं ते वेगळ्याच कारणाने. त्याच्या हिशेबाच्या वहीत बहुतेक पैसा देखभालीतून आणि नोंदी चढवण्यातून येत होता. कोड बंद ठेवल्याने मिळालेला म्हणता येईल असा रुपया त्यात शोधूनही सापडला नाही.

निर्णय आणि केलेलं काम

तिसरा पर्याय ठरला, ॲप आणि एसएमएसचा भाग तेवढा वेगळा ठेवून. घाई एका कारणाने होती. जीपीएलच्या आठव्या कलमानुसार उल्लंघन केलं की परवाना संपतो, म्हणजे कंपनीला कोहा वाटण्याचा हक्कच उरत नव्हता. तिसऱ्या आवृत्तीने यात वाट ठेवली आहे: उल्लंघन पूर्ण थांबवलं की हक्क तात्पुरता परत येतो आणि त्यानंतर ६० दिवसांत कॉपीराइटधारकाने नोटीस दिली नाही तर तो कायमचा परत येतो. पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तरीही तसंच. वाचनालयाचं पत्र ही अशी नोटीस नव्हे, कारण वाचनालय कॉपीराइटधारक नाही. म्हणून कुणाची नोटीस यायच्या आत स्वतःहून सुधारायचं असं ठरलं आणि तोवर नवीन प्रत कुठेच द्यायची नाही. एका वाचनालयाचं ठरलेलं काम त्यासाठी पुढे ढकलावं लागलं.

मंडळात एका विश्वस्तांनी रास्त काळजी मांडली: कंपनीचा परवाना संपला तर आम्ही इतके दिवस चोरीचं सॉफ्टवेअर वापरतोय का? त्याचं उत्तर त्याच कलमात आहे. देणाऱ्याचा हक्क संपला तरी ज्यांनी त्याच्याकडून प्रत घेतली त्यांचा परवाना शाबूत राहतो. हे वाक्य मी मराठीत लिहून मंडळाला दिलं, तेव्हा खोलीतला ताण उतरला. माझ्या अनुभवात बहुतेक संस्थांना मालाच्या किमतीपेक्षा बदनामीची धास्ती जास्त असते. ती आधी दूर केली की बोलणं सोपं होतं.

मग काम. मूळ फायलींतून कॉपीराइटच्या सूचना परत आणल्या, त्यांच्याखाली कंपनीने केलेल्या बदलांची नोंद आणि तारीख घातली, कारण बदललं आहे हे ठळकपणे आणि तारखेसह सांगणं ही पाचव्या कलमातली अट आहे. ‘कोहाविषयी’च्या पानावर ही बदललेली आवृत्ती आहे आणि मूळ कोणतं हे लिहिलं. परवान्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवला. डोंबिवलीच्या प्रोग्रामरला बोलावलं. आपलं नाव कुठेच नाही याचं त्याला वाईट वाटत होतं. त्याने लेखी हस्तांतरण करून दिलं, त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिले, आणि त्या बदल्यात लेखक म्हणून त्याचं नाव फायलीत घातलं. विकत घेतलेल्या फाँटच्या जागी ‘मुक्ता’ हा फाँट आला. तो मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला, ओपन फाँट लायसन्सखाली मिळणारा. सॉफ्टवेअरसोबत देता येतो, सोबत परवान्याचा मजकूर ठेवायचा आणि फाँट एकटा विकायचा नाही.

सोर्स देण्याच्या आदल्या दिवशी जे हाती लागलं ते सांगितलंच पाहिजे. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनातली कंपनीची पूर्ण जुनी नोंद जशीच्या तशी द्यायची असं ठरत होतं. मी मागे जाऊन पाहायला सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी चाचणीसाठी वाचनालयाचा खरा डेटाबेस त्यात टाकला होता: सभासदांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर, कोणी कोणतं पुस्तक नेलं. पुढे फाइल काढून टाकली होती, पण गिटमध्ये काढलेली फाइल इतिहासात राहते. एसएमएस सेवेचा पासवर्डही तिथेच. परवाना सोर्स मागतो, सभासदांची माहिती मागत नाही, आणि ती बाहेर गेली असती तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या काळात वेगळंच संकट उभं राहिलं असतं. मूळ कोहाच्या त्याच आवृत्तीवर फक्त बदल एकेक करून, तारखांसह, नव्याने मांडले. पासवर्ड बदलले. या कामाला सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

सोर्स कसा द्यायचा यातही निवड होती. वस्तूसोबत प्रत देताना ‘मागाल तेव्हा सोर्स देऊ’ अशी लेखी हमी देता येते, पण ती किमान तीन वर्षं आणि देखभाल चालू असेपर्यंत पाळावी लागते. लहान कंपनीत माणसं बदलतात, तीन वर्षांनी नेमकी तीच आवृत्ती शोधणार कोण? त्यापेक्षा प्रत्येक वाचनालयाला बसवलेल्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स पेन ड्राइव्हवर, सहीची पोच घेऊन, तिथल्या तिथे दिला. विषय संपला.

करार नव्याने लिहिला. ‘सर्व हक्क’चं कलम गेलं. त्याऐवजी लिहिलं की कोहा आणि त्यातले बदल जीपीएलखाली आहेत, ॲप आणि एसएमएस सेवा नाहीत. देखभाल फक्त कंपनीने बसवलेल्या प्रतीची. कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह दुसऱ्या कुणी बसवलेल्या प्रतीवर वापरायचं नाही. शेवटच्या अटीला परवान्याची हरकत नाही, सातवं कलम नाव-चिन्हांचा हक्क राखून ठेवू देतं. देखभाल नाकारण्यालाही नाही, कारण जीपीएल कुणाला फुकट सेवेचा हक्क देत नाही. कल्याणच्या त्या सभासदाला कंपनीने हे नीट सांगितलं: प्रत घ्या, बदला, बिघडलं तर मात्र तुमचं तुम्ही बघायचं किंवा आमच्याशी करार करायचा.

परिणाम

मुंबईच्या वाचनालयाने कल्याणला प्रत दिली. हौशी सभासदाने ती बसवली. अहवालात त्याला एक बेरीज चुकलेली सापडली, ती त्याने दुरुस्त करून कंपनीला पाठवली आणि ती दुरुस्ती आता सगळीकडे आहे. एका वाचनालयाने सोर्स मिळाल्यावर देखभालीचं काम दुसऱ्या स्वस्त माणसाला दिलं. हा तोटा खरा होता आणि मालकाला तो लागला. बाकीच्यांनी करार चालू ठेवले. मुंबईच्या वाचनालयाने परताव्याची मागणी सोडली आणि देखभाल चालू ठेवली. कार्यवाह आणि मालक आता एकमेकांचे फोन उचलतात.

कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं, ज्याची परवान्याने सक्ती केलेली नाही. मराठी भाषांतराची वाक्यं कोहाच्या सामाईक भाषांतर व्यवस्थेत घालायला सुरुवात केली आणि ‘वऱ्हाड’ची दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवायची तयारी चालवली. यात तिचा स्वार्थही आहे. कोहाच्या मुख्य आवृत्त्या वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात, आणि दर वेळी आपले बदल नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवणं ही तिची सर्वांत कंटाळवाणी मजुरी होती. दुरुस्ती मुळात गेली की ती मजुरी संपते. मात्र तिथे दुसऱ्या कुणीतरी चाचणी घेऊन सही केल्याशिवाय आणि गुणवत्ता तपासणी झाल्याशिवाय बदल आत जात नाही, धीर लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वाचनालयाच्या संगणकावर प्रत बसवायच्या आधी एक तास पुरला असता. मूळचा परवाना कोणता, आपण नुसती सेवा देतो आहोत की प्रत, कोणता भाग कोहाच्या आत लिहायचा आणि कोणता बाहेर, हे त्या तासात ठरलं असतं. अहवालाचा भाग बंदच ठेवायचा होता तर तो पहिल्या दिवसापासून एपीआयवर बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून लिहिता आला असता, फारसा जादा खर्च न होता. लिहून झाल्यावर वेगळा काढणं मात्र परवडण्यापलीकडे गेलं.

बाहेरच्या प्रोग्रामरशी एक पानी करार काम देतानाच व्हायला हवा होता. इथे तो माणूस भला निघाला. त्याने नकार दिला असता किंवा तो परदेशी जाऊन संपर्काबाहेर गेला असता, तर तो भाग काढून पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वाचनालयाच्या बाजूनेही एक गोष्ट राहून गेली. निविदा काढताना त्यांनी दर, हमी, प्रशिक्षण सगळं विचारलं. कोड कोणत्या परवान्याखाली येणार आणि सोर्स सोबत मिळणार का, हे विचारलं नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलं ते सरकारी खात्यांपुरतं आहे, पण अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने तोच प्रश्न विचारायला कुणाची आडकाठी नाही. या मंडळाने आता निविदेच्या नमुन्यात दोन ओळी घातल्या आहेत: मूळ सॉफ्टवेअरचा परवाना लिहावा, आणि बसवलेल्या आवृत्तीचा पूर्ण सोर्स बसवण्याच्या दिवशी द्यावा.

एक बाब अजून पुरी झालेली नाही. कंपनीच्या सर्व्हरवरून सेवा घेणाऱ्या वाचनालयांना परवान्याने सोर्स मिळत नाही, कारण त्यांच्या हातात प्रतच नाही. उद्या त्यातल्या कुणाला बाहेर पडायचं झालं तर नोंदी मार्क या ठरलेल्या ग्रंथनोंदींच्या नमुन्यात मिळतील, पण अहवाल आणि पावत्या मागे राहतील. करार संपताना चालू आवृत्तीची प्रत सोर्ससह द्यावी, असं कलम मी सुचवलं आहे. मालकाने विचार करायला वेळ मागितला आहे आणि दोन वाचनालयांनी नूतनीकरण त्या उत्तरापर्यंत थांबवून ठेवलं आहे.